आळ ट्रान्झिस्टरवर

आमच्या आंबिवलीत रिलेचं सर्किट बंद पडलं की पहिला आळ येतो तो ट्रान्झिस्टरवर. बीसी 547 मिळतो स्वस्तात आणि बदलायलाही सोपा. नवा बसवतात, तो काही दिवस चालतो आणि पुन्हा जातो. मग 'हल्ली माल डुप्लिकेट येतो' असं म्हणून विषय मिटतो. डुप्लिकेट माल येतो हे खरंच. पण माझ्या टेबलावर आलेले मेलेले ट्रान्झिस्टर बहुतेक निर्दोष होते.

रिले म्हणजे काय हे मला कळलं मोहोन्याच्या एनआरसी कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला असलेल्या शेजारच्या काकांमुळे. त्यांच्या खिडकीत झाकण काढलेला एक जुना रिले पडून असायचा. कॉइलला बॅटरी लावली की पत्रा 'टक' करून खाली यायचा आणि पलीकडचा दिवा लागायचा. काका म्हणायचे, "बाळा, कॉइलची बाजू वेगळी, कॉन्टॅक्टची बाजू वेगळी. बिघाड कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरव, मग स्क्रू ड्रायव्हर उचल." थोडक्या करंटने दुसरं, वेगळं सर्किट चालवायची ही युक्ती अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीने 1835 च्या सुमारास करून दाखवली होती, हे मी फार उशिरा वाचलं. काका निवृत्त झाले आणि पुढे 2009 मध्ये कंपनीही बंद पडली. 'टक' वाजलं म्हणजे फक्त कॉइलचं काम झालं, एवढं मात्र माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

डिप्लोमाला असताना दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, हा आमचा सुट्टीचा कार्यक्रम. "547 संपलाय, हा 2222 घेऊन जा, चालेल," असं तिथे सहज सांगितलं जाई. चालतोही, पण पाय वेगळे. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर 547 मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लॅस्टिकच्या पीएन 2222 मध्ये नेमका उलटा क्रम. गंमत अशी की उलटा बसवलेला ट्रान्झिस्टर पूर्ण गप्प बसत नाही. अगदी कमी गेनने का होईना, थोडंफार काम करतो आणि शोधणाऱ्याला भलतीकडेच नेतो.

पण 'नवा बसवला, पुन्हा गेला' या तक्रारीमागे बहुतेक वेळा डायोड असतो. कॉइलचा करंट एकदम तोडला की तिच्यातली साठलेली ऊर्जा उलट दिशेने मोठा व्होल्टेज उसळवते, आणि 547 ची सहनशक्ती 45 व्होल्टची. कॉइलला समांतर एक 1एन4007 हवा, त्याची पांढरी रेघ प्लसकडे. डायोड लावलाच नाही तर ट्रान्झिस्टर आज ना उद्या जातो. उलटा लावला तर पहिल्याच झटक्याला.

गेल्या थंडीत भाच्याने गच्चीवरच्या टाकीसाठी लेव्हल कंट्रोलर बनवला. डायोड होता, पायही बरोबर होते. रिले मात्र सकाळी ओढायचा नाही आणि दुपारी डबा उन्हात तापला की ओढायचा. "मामा, ट्रान्झिस्टर खराब आहे. दुसरा लावला की चालतो," तो म्हणाला. त्याच्या या निदानात अर्धं सत्य होतं. रिले चालू असायला हवा तेव्हा कलेक्टर आणि एमिटर यांच्यात मीटर लावला, तर 4 व्होल्ट. ट्रान्झिस्टर पुरता उघडला तर तिथे साधारण 0.2 व्होल्ट दिसायला हवेत. म्हणजे 12 व्होल्टच्या रिलेला जेमतेम 8 मिळत होते, आणि असा रिले ओढायला साधारण 9 तरी लागतात.

दोष निघाला बेसच्या रेझिस्टरमध्ये. बोर्डाची पिन 3.3 व्होल्टची, रेझिस्टर 22 किलोओहमचा, बेसला 0.12 मिलिअँपिअर मिळत होता. 400 ओहमच्या कॉइलला हवे 30 मिलिअँपिअर. भाच्याने पुस्तकातला 250 चा गेन धरून हिशेब केला होता. तेवढा गेन असलेला नग हाती लागला की सर्किट चालायचं, 170 चा लागला की अडायचं. शिवाय थंडीत गेन आणखी उतरतो. स्विचिंगला गेनवर भरवसा ठेवायचाच नसतो, दहाच धरायचा. एक किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि जो 'खराब' म्हणून बाजूला टाकला होता तोच ट्रान्झिस्टर परत बसवला. (भाच्याला हे फारसं आवडलं नाही.)

पावसाळ्यात बिघाडांचा आणखी एक वर्ग वाढतो, मुंग्या आणि पाली. स्टार्टरच्या डब्यात उबेला येतात आणि कॉन्टॅक्टमध्ये सापडतात. हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेत 9 सप्टेंबर 1947 रोजी पतंग सापडला, तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला. आमच्या पालींची नोंद कोण ठेवणार! वॉचमन त्या झाडूने लोटून देतो.

भाच्याचा रिले आता सकाळीही ओढू लागला. पण आठवड्याभरातच टाकी भरून वाहिली. रिले सुटल्याचं 'टक' झालं होतं, बोर्डावरचा दिवाही विझला होता, तरी पंप चालूच. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर त्याने थेट रिलेच्या कॉन्टॅक्टवर जोडली होती. ती चालताना तीन-चार अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहापट. 10 अँपिअरचा कॉन्टॅक्ट त्या ठिणगीने वितळून चिकटला होता. झाकण काढून त्याला ते जोड दाखवले. उपाय साधा: रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची आणि मोटर कॉन्टॅक्टरने.

"म्हणजे आणखी एक कॉइल," तो कुरकुरला. त्यापेक्षा सॉलिड स्टेट रिले लावू म्हणतो. झिजणारं काही नाही, ठिणगी नाही, आवाजही नाही. त्याचं म्हणणं चूक नाही. पण तोही बिघडला तर बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो, आणि मला आवाज करणारं यंत्र बरं वाटतं. शेवटी कॉन्टॅक्टर आणायचं ठरलं. पैसे त्याने माझ्याकडून घेतले.