संध्याकाळचंच दूध का चुकलं?

दिवाळीच्या फराळाची ताटं पुढे आली की घरोघरी वाद रंगतात. चकली कडक झाली का, करंजीच्या सारणात खसखस हवी का नको, यंदाचा ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा. आमच्या बारामतीच्या घरात गेल्या दिवाळीत रंगलेला वाद मात्र वेगळाच होता. पीएचपी ही भाषा चांगली की वाईट! एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले माझे धाकटे दीर आणि मध्ये चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाणाऱ्या सासूबाई.

मैत्रिणींनो, ही भाषा कोणी बोलत नाही. संगणकाला कामं सांगण्यासाठी ती लिहायची असते. तुम्ही मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा दूर कुठेतरी ठेवलेल्या मोठ्या संगणकाला निरोप जातो. तिथे तुमच्यासाठी ते पान तयार होतं आणि मग तुमच्या हातातल्या काचेवर येतं. खाणावळीत आपल्यापुढे वाढलेलं ताट येतं, पण मागची चूल दिसत नाही, तसंच हे. पीएचपी चालते ती त्या मागच्या चुलीवर.

आता मी या भानगडीत कशी पडले ते सांगते. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, निमगाव केतकीच्या अलीकडच्या एका वस्तीवरचं. लग्नाआधी संगणकाचा अभ्यासक्रम पुरा केला होता, त्यात पीएचपी होती. मग लग्न, दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण. शिकलेलं सगळं माळ्यावरच्या ट्रंकेत गेलं. मुलं शाळेत जायला लागली आणि मला रिकामी दुपार मिळू लागली, तेव्हा पुस्तक काढलं. पाहते तर त्यातले निम्मे धडे चालेनात! डेटाबेसशी बोलायच्या ज्या आज्ञा मी पाठ केल्या होत्या, त्या २०१५ सालच्या डिसेंबरात आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं, पण पुन्हा श्रीगणेशा केला.

माझा भाऊ वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करतो. त्याच्या वह्यांचे गठ्ठे, दर दहा दिवसांनी हिशेबाची रात्र, आणि बायकांची तक्रार ठरलेली, "आमचं किती झालं ते आम्हाला कळतच नाही." मी त्याला एक साधी वेबसाइट करून दिली. दूध घालणाऱ्या बाईने मोबाइलवर आपला आकडा टाकायचा, की सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट आणि होणारे पैसे समोर. पहिल्यांदा ते पान माहेरच्या अंगणात उघडलं, तेव्हा मला पदवीच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला.

तर दिवाळीत भावजी हसून म्हणाले, "वहिनी, अजून पीएचपीच? अहो, आमच्या ऑफिसात नाव काढलं तरी मुलं हसतात."

"हसू द्या की. पण हसायला काय झालं ते तरी सांगा."

त्यांनी पाढाच वाचला. ही भाषा कोणी नीट बसून आखलेली नाही. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या पानासाठी काही अवजारं बनवली आणि १९९५ सालच्या जूनमध्ये ती लोकांना खुली केली. पीएचपी हे नावसुद्धा मुळात 'पर्सनल होम पेज'चं, म्हणजे घरगुती पानाचं. पुढे इस्रायलमधल्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला, ती तिसरी आवृत्ती १९९८ साली आली. घराला गरजेप्रमाणे खोल्या काढत जावं, तशी ही भाषा वाढली. त्यामुळे नावांना शिस्त नाही. शोधण्याच्या एका आज्ञेत आधी गंजी सांगायची आणि मग सुई, तर दुसरीत आधी सुई आणि मग गंजी. (गंजी आणि सुई हे माझे शब्द नाहीत बरं का, भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तकात तीच नावं आहेत.) शिवाय अति समजूतदार! शब्द आणि अंक यांत फरक करायचाच नाही. आठव्या आवृत्तीच्या आधी तर 'शून्य' आणि 'दूध' हा शब्द सारखे आहेत का असं विचारलं, तर ती खुशाल 'हो' म्हणायची. ते २०२० साली सुधारलं.

मीही पदर खोचला. "भावजी, मराठी विकिपीडिया २००३ पासून चाललाय, तो कशावर? पीएचपीवर. त्याच वर्षी आलेलं वर्डप्रेस, ज्यावर जगातल्या कितीतरी वेबसाइट उभ्या आहेत, ते कशावर? फेसबुकची सुरुवात २००४ साली कशात झाली? आणि माझ्यासारखीला दुसरं काय परवडणार होतं? सगळ्यात स्वस्तातली भाड्याची जागा घेतली तरी तिथे पीएचपी आधीपासून हजर असते. एक फाइल लिहायची, तिथे ठेवायची, पान चालू! तुमच्या त्या नव्या भाषांसाठी आधी दहा गोष्टी मांडाव्या लागतात. शिवाय प्रत्येकीचं पान इथे नव्याने तयार होतं आणि काम झालं की चूल स्वच्छ. एकीचं ताट बिघडलं तरी दुसरीच्या ताटाला धक्का लागत नाही."

भावजी मान डोलावत म्हणाले, "तुमचं पटतंय हो. पण ती समजूतदारपणाची खोड एक दिवस दगा देईल." मी म्हटलं, "देईल तेव्हा बघू." सासूबाईंनी दोघांच्या ताटात एकेक लाडू वाढून वाद मिटवला. मी जिंकले अशा थाटात वावरत होते.

तो दिवस जानेवारीत आला. भावाने दहावी वस्ती जोडली होती, चारच घरं. पहिला दहा दिवसांचा हिशेब वाटला आणि रात्री त्याचा फोन. तिथल्या एक काकू दारात येऊन बसल्या होत्या. नवरा गेलेला, एक म्हैस, तिच्यावरच घर. संध्याकाळचं चार-चार लिटर दूध दहा दिवस घातलेलं, म्हणजे चाळीस लिटर. वेबसाइटवर संध्याकाळपुढे शून्य. भाऊ सांगत होता, मशीन खोटं बोलत नाही. काकूंनी पिशवीतून कालनिर्णय काढलं. रोजच्या चौकटीत पेनाने मारलेल्या रेघा, सकाळच्या वर, संध्याकाळच्या खाली. एकही दिवस चुकलेला नव्हता.

मी अकरा वाजता भावजींना पुण्याला फोन लावला. ते हसले नाहीत, हे मी विसरणार नाही. दोघंही एकच पान उघडून बसलो. बेरजा बरोबर, नोंदी बरोबर. साडेबारा वाजले. मग माझ्या लक्षात आलं, दहाव्या वस्तीच्या चारही घरांचं सकाळचं दूध ठीक आहे आणि चारही घरांचं संध्याकाळचंच गायब आहे. तेवढंच दूध पहिल्या वस्तीच्या नावावर जादा चढलंय. सकाळ आणि संध्याकाळ यांत माझ्या लेखी फरक काय? फक्त एका अक्षराचा!

मी प्रत्येक घराला दोन आकडे दिले होते. आधी वस्तीचा क्रमांक, मग सकाळसाठी इंग्रजी 'एम' किंवा संध्याकाळसाठी इंग्रजी 'ई', मग घराचा क्रमांक. काकूंचा संध्याकाळचा आकडा १०ई२. पहिल्या वस्तीतल्या तिसऱ्या घराचा १ई३. आता विज्ञानात मोठी संख्या थोडक्यात लिहायची एक रीत आहे. त्यात 'ई'चा अर्थ पुढे तितकी शून्यं. १ई३ म्हणजे एकावर तीन शून्यं, एक हजार. १०ई२ म्हणजे दहावर दोन शून्यं, तेही एक हजार! मी पीएचपीला विचारलं होतं, "हे दोन आकडे सारखे आहेत का?" तिने आपल्या मनाने त्यांच्या संख्या केल्या आणि म्हणाली, "हो, सारखे." यादीत आधी सापडलं ते पहिल्या वस्तीचं घर, आणि दूध तिथे गेलं. 'एम'ला असा काही अर्थ नाही, म्हणून सकाळ सुखरूप. आणि वस्त्या नऊच होत्या तोवर असा योग जुळतच नव्हता.

"पायथॉन असती तर हे झालं नसतं," भावजी हळूच म्हणाले. खरंच होतं ते, तिने दोन शब्द म्हणूनच पाहिलं असतं. पण पीएचपीतही उपाय होता. सारखेपणा तपासताना दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी तीन लिहायची, की ती मनाचं काही करत नाही, आहे तसं ताडून बघते. एवढं एक चिन्ह! ते मला ठाऊक होतं. धड्यात वाचलं होतं आणि दोनवर भागतंय म्हणून सोडून दिलं होतं.

रात्रीतच दुरुस्ती झाली, पण झोप लागली नाही. सकाळी ह्यांच्या मोटारसायकलवर निघाले. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे. तुकोबांच्या पालखीचा हा रस्ता, लहानपणापासूनचा ओळखीचा. त्या दिवशी मात्र संपू नये असं वाटत होतं. भावाने दारातच बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, मशीनमध्ये बिघाड होता म्हण. लोकांचा विश्वास उडेल."

मला ते सोपं होतं. शब्द अगदी तोंडात आले होते. चूक पीएचपीची आहे हे खोटंही नव्हतं. पण काकू समोर बसल्या होत्या, मांडीवर ते कालनिर्णय. मी म्हटलं, "काकू, तुमचा हिशेब बरोबर होता. चूक माझी झाली. मी लिहिताना कसूर केली."

काकूंनी पैसे मोजून घेतले. मग म्हणाल्या, "मशीन चुकलं म्हणाली असतीस, तर उद्यापासनं दूध घातलं नसतं बघ. मशीनला शोधायला मी कुठं जाऊ? तू चुकलीस, तर तुझं घर मला ठाऊक हाय."

पहिल्या वस्तीच्या बायकांना जादा गेलेले पैसे पुढच्या हिशेबात वळते केले. दोघीतिघी नाराज झाल्या, एकीने तर पोराची फी भरून टाकली होती. तिला भावाने तीन हप्ते करून दिले.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून दिवाळीतला वाद मला निराळा दिसू लागला आहे. ही भाषा चुका पोटात घालते, म्हणूनच तर माझ्यासारखी दहा वर्षांनी परतलेली बाई तिच्यात पान उभं करू शकली. शिस्तीच्या भाषेने कदाचित मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. पण तिने माझ्यावर केलेल्या मायेची किंमत मोजली ती काकूंनी. तेव्हा भाषा जर सैल असेल, तर कासोटा आपण आवळायचा, हे मला उमगलं.

ती वेबसाइट मी दुसऱ्या भाषेत लिहून काढणार का, असं भावजींनी विचारलं. नाही म्हटलं. चूल बदलली म्हणून हात बदलत नाहीत. तीच भाषा ठेवली, पण काही नियम भिंतीला चिकटवलेत. तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमची लेक-सून हे शिकत असेल, तर तिला जरूर सांगा.

पहिलं, सारखेपणा तपासताना तीन चिन्हं, कधीही दोन नाहीत. दुसरं, लोकांनी भरलेला मजकूर डेटाबेसच्या हुकमात तसाच मिसळायचा नाही. हुकूम आधी बांधून ठेवायचा आणि मजकूर वेगळा द्यायचा. नाहीतर कोणी वाकड्या बुद्धीचा माणूस नावाच्या जागी हुकूमच लिहून सगळी वही पुसू शकतो. तिसरं, मराठी नावं मोजताना जपायचं. पीएचपीची साधी आज्ञा अक्षरं मोजत नाही, संगणकाच्या आतले तुकडे मोजते. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा, तिच्या लेखी पंधरा तुकड्यांचा! माझ्या पहिल्या पावत्यांवर म्हणूनच 'शांताबाई'चं 'शांताब' आणि पुढे काळा चौकोन येत होता. हे मुळातून सुधारण्यासाठी सहावी आवृत्ती निघायची होती. ती शेवटपर्यंत निघालीच नाही, पाचवरून एकदम सात आली. तेव्हा अशा नावांसाठी वेगळ्या आज्ञा आहेत, त्याच वापरायच्या. आणि चौथं, जुन्या पुस्तकावरून शिकायचं नाही, आधी आवृत्ती पाहायची.

पाचवा नियम संगणकाचा नाही. नवं काही केलं की पहिले दहा दिवस काकूंच्या कालनिर्णयाशी ताडून बघायचं. मी आता दर महिन्याला माहेरी जाते, तेव्हा काकू आपणहून ते घेऊन येतात. माझ्या मोबाइलवरचे आकडे त्या बोट ठेवून एकेक वाचतात, मी त्यांच्या रेघा मोजते. परवा मोजून झाल्यावर म्हणाल्या, "जुळतंय गं. पण रेघा मारायचं मी काही सोडायची नाही."

मी म्हटलं, "सोडूच नका, काकू."