दोर धरलाय, ये

आदिलाबादला आमची ही चौथी पिढी. घरात मराठी, बाजारात तेलुगू. कुंतालाचा धबधबा बघायला आम्ही बायका डबे घेऊन जायचो, पण खडकावर चढायचं ते पोरांनी.

२५ मे २०१४ ला निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा एव्हरेस्टवर पोचली. वय १३ वर्षं ११ महिने, आईवडील शेतमजूर. तिचे पहिले धडे भोंगीरच्या किल्ल्याच्या खडकावर झाले, शेखर बाबूंच्या हाताखाली. माझी लेक तेव्हा नववीत. तिनं भोंगीरचा हट्टच धरला. सासूबाई म्हणाल्या, "एकटी कशाला, तूही जा."

तिथं शिकवणारी ताई माझ्याहून लहान. कमरेला हार्नेस बांधला अन् गाठ मलाच तपासायला लावली. "काकू, खडकाला चिकटू नका. पाय फाकवा, मागं रेला."

मागं म्हणजे दरीतच की! पाय लटलटत होते.

"खाली दोर मी धरणार आहे. तुमचा हात सुटला तर ताणून धरीन, जागच्या जागी थांबाल."

रेलले. तेव्हा कळलं, अंग मागं टाकलं की पाय खडकावर घट्ट बसतात. भिऊन चिकटलं की घसरतात.

तिसऱ्या दिवशी तिनं खालचा दोर माझ्या हातात दिला, स्वतः पाठीशी उभी राहिली. वर लेक. स्वतः उतरण्यापेक्षा हे अवघड.

"आई, धरलास ना?"

"धरलाय गं, ये."

पुढच्या खेपेला जाऊबाईंना नेलं. तुमच्या घरातून कुणाला यायचं असेल तर सांगा, मी सोबत येते.