शास्त्र शिकवणाऱ्याची तयारी

भूप आणि देशकार, दोन्हींत स्वर तेच: सा, रे, ग, प, ध. तरी भातखंड्यांच्या दहा थाटांत भूप कल्याणात, तर देशकार बिलावलात. हा फरक मध्यमावरून ठरवावा, तर तो दोन्हींत वर्ज्य. मग थाट ठरला कशावरून? या प्रश्नाला ‘पुस्तकात तसंच आहे’ एवढंच उत्तर देणाऱ्याने शास्त्र शिकवायला घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. उत्तर रागाच्या चलनात आहे. भूपाचा वादी गंधार, तो पूर्वांगात रमतो. देशकाराचा वादी धैवत, त्याचा सगळा जोर उत्तरांगावर. थाटपद्धतीची मर्यादाही इथेच उघडी पडते, आणि ती विद्यार्थ्याला मोकळेपणाने सांगता येणं, याला मी प्रभुत्व म्हणते.

जुन्या उस्तादांपैकी कितीजणांनी ग्रंथ वाचले होते, असं कुणी विचारेल. अनेकांनी नव्हते वाचले. पण तेव्हा शिष्य वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहायचा, देशकारात भूप डोकावला की तिथल्या तिथे टोकला जायचा. आज आठवड्याला एखाद-दोन तासांचा क्लास आणि पुढे विशारदची लेखी परीक्षा! सहवासात झिरपायचं ते आता शब्दांत सांगावं लागतं. प्रारंभिकच्या मुलांकडून पलटे घोकून घेणाऱ्याला बावीस श्रुतींचा वाद कशाला, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तो वाद त्याला नकोच. शिकवतो त्याच्या एक पायरी पुढचं त्याला पक्कं यावं, इतकाच माझा आग्रह.