रात्री डॉक्टर कुठे असतो?

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचा एक मुलगा मुंबईला गेला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ सालच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला आणि मुंबईचाच झाला. डॉ. भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. मांद्र्याच्या वाट्याला अभिमान आला, पण तापात अभिमान उपयोगी पडत नाही. पणजीत तर १८४२ पासून पोर्तुगिजांचं वैद्यकीय विद्यालय होतं. तिथे शिकलेले कितीतरी गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज आफ्रिकेत, मोझांबिक-अंगोल्यात नोकरीला गेले. डिचोलीच्या वाड्यांवर वैद्य आणि सुईण यांच्यावरच भिस्त राहिली. म्हणून ‘हल्लीचे डॉक्टर गावात राहत नाहीत’ हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. हल्लीचे म्हणजे नेमके कधीपासूनचे?

माझं माहेर डिचोलीतलंच लाटंबार्से, आणि मी शिकवते समाजवैद्यक. विद्यार्थी त्याला ‘पीएसएम’ म्हणतात आणि या विषयाची ग्रामीण पोस्टिंग आली की खूश होतात, कारण अभ्यासाला वेळ मिळतो. अभ्यास पीएसएमचा नव्हे, ‘नीट-पीजी’चा. ओपीडीतली गर्दी ओसरली की इंटर्न मोबाईलवर प्रश्नसंच सोडवत बसतो. त्याला मी दोष देत नाही. पीजीची जागा हुकली तर घरचे त्याला अर्धाच डॉक्टर समजतात.

दोष आमच्याकडे आहे. गावात नेऊन आम्ही विद्यार्थ्याला मोजणी शिकवतो, डॉक्टरकी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आता कुटुंब दत्तक योजना आणली आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाने काही कुटुंबं सांभाळायची. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात मुलं विहीर, शौचालय, लसीकरण, रक्तदाब यांच्या नोंदी करतात, लॉगबुकावर सही घेतात आणि बसमध्ये बसतात. त्या घरातल्या कुणाला रात्री काही झालं तर यांचा काहीच संबंध नसतो.

काजूच्या हंगामाचंच उदाहरण घ्या. पाचोळ्यातले बोंडू वेचताना हाताला फुरसं चावतं. अशा वेळी लागते एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी. तीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि नळी वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही. मग ती हळूच कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू करायचं. नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. एवढंच तंत्र आहे, पण ती वीस मिनिटं आणि त्यानंतरचा निर्णय डॉक्टरचा स्वतःचा असतो. असा निर्णय एकदा घेतलेला मुलगा नंतर वेगळ्याच सुरात बोलतो, हे मी पाहिलंय.

गोव्यात मात्र हा निर्णय क्वचितच त्याच्यापर्यंत पोचतो. राज्य लहान, रस्ते बरे, १०८ रुग्णवाहिका बोलावली की रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत. रुग्णाच्या दृष्टीने हे भाग्यच. लाटंबार्सेपलीकडे राज्याची हद्द ओलांडली की महाराष्ट्रातलं दोडामार्ग, तिथले लोकही गोमेकॉचाच रस्ता धरत आले. पण त्यामुळे गावच्या डॉक्टरच्या हाती उरते ती रेफरची चिठ्ठी. जागा जवळ असल्याने तो म्हापशात बिऱ्हाड करून सकाळी येतो, दुपारनंतर परततो. कागदावर पद भरलेलं असतं. माहेरी मात्र मला एकच प्रश्न विचारतात : “रातीं दोतोर मेळटलो मगो?”

खेड्यातली मुलं निवडा, ती खेड्याकडे परतण्याची शक्यता जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या शिफारशींत म्हटलं आहे. जपानच्या जिची विद्यापीठाने १९७२ पासून तेच केलं. प्रत्येक प्रांताने आपली मुलं पाठवायची, फीचा भार उचलायचा आणि नऊ वर्षांची सेवा घ्यायची. मला हे पटतं, पण अर्धंच. भाऊ दाजीही मांद्र्याचेच होते की.

उरलेलं अर्धं मला महाडजवळच्या बिरवाडीत सापडतं. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने माणसं मरत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाची नोंद ठेवत गेले, पुढे प्राझोसिन हे औषध वापरलं आणि ‘लॅन्सेट’ने ते छापलं. एम.डी. झाल्यावरही ते पुन्हा त्याच मुलखात गेले, कारण त्यांचा प्रश्न तिथे होता. ग्रामीण सेवेच्या बंधपत्राच्या दंडाने हे झालं नसतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. इंटर्नच्या ग्रामीण पोस्टिंगचा निम्मा काळ तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीचा असावा, शेजारी अनुभवी डॉक्टर असावा, आणि रेफर करण्याआधी त्याने स्वतःचं निदान लिहावं. बांबोळीने दुसऱ्या दिवशी कळवावं, निदान बरोबर होतं की चुकलं. राहायला न गळणारी खोली हवी, हे वेगळं सांगायला नको. एवढं करूनही बरेचजण पुण्या-मुंबईला जातील. जाऊ देत.