तेलाची गुळणी

माझी आजी मुरबाडकडील एका खेड्यांत राही. पहाटे दांत घासून झाले म्हणजे ती तिळाच्या तेलाची गुळणी धरी, आणि तेल पातळ व पांढरट झालें कीं परसांत थुंकून टाकी. सत्तरींतही ती चणे फोडून खाई. या प्रकारास आयुर्वेदांत गंडूष म्हणतात. त्यानें दांत दृढ होतात, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे.

मी शाळेंत असतां माझी दाढ किडली. ती काढतील या भीतीनें मी कोणापाशीं बोललों नाहीं. आजीप्रमाणें रोज गुळणी मात्र धरूं लागलों. दोन महिन्यांनीं गाल सुजला, व शहापुरास जाऊन दाढ काढावीच लागली. “तुझ्या तेलानें कांहींच झालें नाहीं,” असें मीं रागानें आजीस म्हटलें.

ती शांतपणें म्हणाली, “बाळा, तेल राखण करतें; पडलेली भिंत बांधीत नाहीं. पण दुखत असतां तूं तोंडांत गुळणी धरून कां बसलास?”

तेलानें किडलेला दांत बरा होत नाहीं व घासण्याचें कामही भागत नाहीं, हें दंतवैद्य आज सांगतातच. परंतु त्या रिकाम्या जागेस जीभ लागली कीं मला आठवतो तो आजीचा प्रश्न. त्याचें उत्तर मजपाशीं तेव्हांही नव्हतें.