आमच्या जीपगाडीला चौथा गिअर

आमच्या घरची जीपगाडी १९६५ सालची आहे. माझे वडील तिच्याहून वयाने लहान आहेत. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती एका सरकारी लिलावात विकत घेतली आणि तेव्हापासून भालकी तालुक्यातील आमच्या खेड्यात ती घरच्या माणसासारखी नांदत आहे. तुरीची पोती बाजारात न्यावयाची, पाहुण्यांना स्टेशनावरून आणावयाचे, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात पोचवावयाचे, ही सारी कामे तिने निमूटपणे केली. अशा ह्या गाडीचा गिअरबॉक्स गेल्या वर्षी बदलावा लागला. त्या निमित्ताने जे पाहावयास व शिकावयास मिळाले, ते येथे सांगावे असे वाटते.

जीप ही मूळची सैन्यातील गाडी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, अमेरिकेत विलीज कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे तिची जुळणी सुरू केली. आमच्या गाडीचे पेट्रोल एंजिन सुमारे २.२ लिटरचे असून तिच्या मूळच्या गिअरबॉक्सला पुढे जाण्याचे तीनच गिअर होते.

गिअरचे मर्म गणिताच्या तासाला शिकविण्याजोगे आहे. पंधरा दात्यांच्या चाकाने पंचेचाळीस दात्यांचे चाक फिरविले, तर लहान चाकाचे तीन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक होतो. वेग एक तृतीयांश होतो, पण जोर तिपटीने वाढतो. आमच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे हे प्रमाण सुमारे २.८ होते व दुसऱ्याचे सुमारे १.५५. ह्या दोहोंच्या मधे पायरीच नव्हती. खालच्या काळ्या रानातून बीदरच्या तांबड्या पठाराकडे भरल्या गाडीने चढू लागावे, तर दुसऱ्या गिअरमध्ये एंजिन दमून जाई आणि पहिल्यात ते आक्रोश करी.

त्यात आणखी एक अडचण होती. फिरत्या दात्यांचे वेग आधी जुळवून मग त्यांना एकमेकांत गुंतविणारी पितळी कड्यांची युक्ती अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली प्रथम आली. आमच्या जीपमध्ये ती दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला होती, पहिल्याला नव्हती. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला गिअर टाकावयाचा म्हणजे क्लच दाबून दांडा मध्यावर आणावा, क्लच सोडून एंजिनाचा वेग वाढवावा आणि पुन्हा क्लच दाबून दांडा सारावा लागे. किती वेग वाढवावा हे काट्यावर दिसत नाही. ते कानाला कळावे लागते. आबांच्या कानाला ते कळत असे. गाडी चढावर असताना ते बोलणे थांबवीत आणि आम्हीही आपोआप गप्प बसत असू.

परंतु पाऊणशे वर्षांच्या गुडघ्याला क्लच दोनदा दाबणे कठीण झाले, आणि गिअरचे दातेही झिजले. गेल्या वर्षीच्या श्रावणात, भर पावसात, शेजारच्या एका बाईला प्रसूतीसाठी बीदरला न्यावे लागले. वडील गाडी चालवीत होते. ऐन चढावर पहिला गिअर आपोआप निसटला व गाडी मागे सरू लागली. वडिलांनी ब्रेक दाबून धरला. मी व माझ्या चुलत्यांनी उड्या टाकून चाकांमागे धोंडे लावले. मग शेजारी बसलेल्या आबांनी गिअरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला आणि चढ संपेपर्यंत सोडला नाही. बाई वेळेवर पोचली व सुखरूप बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी आबांच्या तळहातांवर दांड्याच्या मुठीचे लाल वळ दिसत होते.

ह्यानंतर घरात वाद झाला. वडील म्हणाले, "आबा, आता ही भंगारात द्यावी. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी लागते; दुरुस्तीला तर अंतच नाही." आबांना गाडी ठेवावयाची होती, पण दुसरा गिअरबॉक्स नको होता, तोच दुरुस्त व्हावा असा त्यांचा हट्ट होता. हट्टाचे कारण मला पुढे उमगले. नव्या गिअरबॉक्सला त्यांच्या कानाची गरज उरणार नव्हती.

शेवटी गाडी हुमनाबादला, पुणे-हैदराबाद रस्त्यावरील एका उस्तादांकडे गेली. त्यांनी जुने दाते पाहून ते पुन्हा टिकणार नाहीत असे सांगितले आणि पुढच्या काळातील एका डिझेल जीपचा चार गिअरचा बॉक्स सुचविला. त्यात पुढे जाण्याच्या सर्व गिअरांना पितळी कडी होती. एका हंगामाच्या तुरीचे बरेचसे पैसे त्यात गेले.

उस्तादांनी तीन दिवस केवळ मोजमाप केले. गिअरबॉक्सचा पुढचा दंड क्लचच्या तबकडीतून जाऊन एंजिनाच्या टोकाशी असलेल्या लहानशा बेअरिंगमध्ये बसतो. नव्या दंडावरील खाचा निराळ्या, म्हणून तबकडी निराळी हवी. बॉक्सच्या तोंडावरील बोल्टांची भोके जुन्या आवरणाशी जुळत नव्हती. त्यासाठी मधे एक जाड लोखंडी पट्टा लेथवर करवून घेतला. हा पट्टा केसभर जरी बाजूला सरला, तरी दंड तिरपा फिरतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग खाऊन टाकतो. उस्ताद म्हणत, "डब्बा तो कोई भी बिठा देता, बीच का पट्टा बराबर होना." नवा बॉक्स लांबीने अधिक, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा आखूड करावा लागला, पुढचा लांब. दोन्ही तोलून पाहिले. नाही तर वेगात गाडी थरथरली असती. आधाराची पट्टी त्यांनी सांगाड्याला वेल्ड न करता बोल्टांनी कसली. पुढे कोणाला जुना बॉक्स बसवावासा वाटला तर गाडी कापावी लागू नये, हा त्यांचा विचार. तेलही पितळी कड्यांना मानवेल असेच घातले.

गाडी घरी आणताना त्याच चढावर वडिलांनी क्लच एकदाच दाबून खालचा गिअर टाकला. दात्यांचा आवाज मुळीच झाला नाही. आबा खिडकीबाहेर पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हिला आता कोणीही चालवील." त्या वाक्यात खेद किती आणि समाधान किती, हे मला अजून सांगता येत नाही. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः गाडी काढली आणि बीदरपर्यंत जाऊन आले. गुडघा दुखला नाही, असे त्यांनी आजीला दोनदा सांगितले. जुना गिअरबॉक्स तेल लावून, पोत्यात गुंडाळून आमच्या पडवीत ठेवला आहे.

ह्या सीमाभागात आम्ही घरी व शाळेत मराठी बोलतो, बाजारात व कचेरीत कन्नड, आणि उस्तादांशी दखनी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून ही जुळणी प्रत्येक पिढी आपापल्या परीने करीत आली आहे. शाळेत कन्नडचा धडा मला अवघड जातो, तेव्हा त्या लोखंडी पट्ट्याची आठवण होते. त्याने एंजिनाला बदलावयास सांगितले नाही, की गिअरबॉक्सला. दोघांच्या भोकांची मोजमापे घेऊन त्याने आपल्या अंगावर दोन्ही प्रकारची भोके पाडून घेतली. गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय तो दिसतही नाही. मात्र मी अधूनमधून वाकतो आणि त्याचे बोल्ट घट्ट आहेत ना, हे पाहून घेतो. ते काम आबांनी माझ्याकडे सोपविले आहे.