छापण्याआधी आक्काला वाचून दाखव

चि. बाळ,

तुझा लेख मिळाला. 2006 च्या पुरात उकाई धरणातून सोडलेलं पाणी कतारगामच्या तुमच्या खोलीत कसं चढलं, दादांचं लूमचं खातं बंद पडल्यावर घर कसं चाललं, हे तू फार खरं लिहिलंस. दिवाळी अंकाला पाठवू का, असं विचारतेस. आक्कानं, तुझ्या आईनं, पोत गहाण ठेवली आणि गावी कुणाला कळू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधून लग्नाला गेली, त्या परिच्छेदाशी मी थांबले.

तू ज्या सुरतेत वाढलीस तिथल्याच माणसाबद्दल सांगते. आमलीरानातलं कवी नर्मदचं घर तू पाहिलं आहेस. त्यानं 1866 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ‘मारी हकीकत’ लिहिलं. गुजरातीतलं ते पहिलं आत्मचरित्र. माणूस भित्रा नव्हता. 1864 मध्ये ‘दांडियो’ पाक्षिक काढून त्यानं भल्याभल्यांना अंगावर घेतलं होतं, पुढे 1869 मध्ये विधवेशी लग्न केलं. तरी स्वतःच्या हकिकतीच्या मोजक्याच प्रती छापून त्यानं जवळच्या मित्रांना दिल्या. सगळ्यांच्या हाती ते पुस्तक आलं 1933 मध्ये, जन्मशताब्दीला. तेव्हा त्याला जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती. मला हे फार मोलाचं वाटतं. लिहिताना त्यानं हात आखडला नाही, पण लिहिलेलं कुणासमोर ठेवायचं याचा विचार वेगळा केला. तू या दोन गोष्टी एकच धरते आहेस.

आपले दादोबा पांडुरंगही सुरतेत शिक्षक होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी तिथेच मानवधर्म सभा काढली. मराठीचं व्याकरण लिहिणारे तेच. त्यांचं अपुरं आत्मचरित्र प्रियोळकरांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलं, दादोबा तर 1882 मध्येच गेले होते.

तू म्हणशील, गांधीजींनी कुठे वाट पाहिली? खरं आहे. 1925 पासून ‘नवजीवन’मध्ये दर आठवड्याला त्यांचं आयुष्य छापून येत होतं. डर्बनच्या घरात राहणाऱ्या एका कारकुनाचं मूत्रपात्र उचलण्यावरून त्यांनी कस्तुरबांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं, तेही त्यांनी लिहिलं. स्वतःचा दोष इतक्या उघडपणे मांडणारा माणूस विरळा, आणि त्या पानांपुढे मी मान लववते. पण ते वाचताना माझं लक्ष कस्तुरबांकडे जातं. त्या तेव्हा हयात होत्या. परक्या देशात, आपलं माणूस नसलेल्या गावात रडलेली ती बाई पुन्हा हजारो घरांत रडताना दिसली. दोष गांधीजींचा होता, तो सांगण्याचा हक्क त्यांचा. अश्रू मात्र बांचे होते. रमाबाई रानड्यांनी 1910 मध्ये आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या, म्हणून त्या घरातली बाई आपल्याशी तिच्या तोंडून बोलते. आक्का लिहिणार नाही. तिच्याबद्दल जगाला जे कळेल ते तुझ्याच लेखातून.

म्हणून तो परिच्छेद काढ, असं मी म्हणत नाही. माझ्या मते लेखातला तोच सगळ्यात चांगला आहे. तुझी भूक, शाळेत तुला वाटलेली लाज, दादांवरचा तुझा राग, हे सगळं तुझं आहे. ते बेधडक लिही, त्यात एक शब्दही मऊ करू नको. पण तो दोरा आक्कानं इतकी वर्षं सांभाळला. भाऊ-भावजयांनासुद्धा तिनं कळू दिलं नाही. मला सांगितलं तेही दार लावून. दिवाळीत तो अंक धुळ्याला मामांकडे जाणार आणि पुढच्या लग्नात सगळ्यांच्या नजरा तिच्या गळ्याकडे जाणार. ते तिला चालेल की नाही, हे तू किंवा मी ठरवू शकत नाही.

तिला पुस्तकी मराठी वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा कागद हातात देऊन येऊ नको. समोर बसून अहिराणीत सांग, काय लिहिलंस आणि का लिहिलंस ते. दादांची दुसरी पाळी असेल तेव्हा जा, त्यांच्यासमोर ती मोकळं बोलणार नाही. तिनं हो म्हटलं तर जसंच्या तसं पाठव. नको म्हटलं तर तेवढं पान तुझ्या वहीत राहू दे, पण फाडू नको. संपादकांना आठवडाभर थांबायला सांग. मीच फोन करणार होते, पण हे फोनवर नीट बोलता आलं नसतं.

तुझी,
मावशी